सावलीतलं पटकूर

कचरूला जागेवरून उठवायची रीत साऱ्या जगात एकट्या सोजराबाईला माहीत होती, आणि ती तिनं वेळेवर कुणाला सांगितली नाही.

रीत म्हणाल तर अगदी साधी. जुन्या हिरव्या लुगड्याचा दोन हात तुकडा, दुहेरी शिवलेला. मळ्यात गेलं की सोजराबाई ते पटकूर बोरीच्या सावलीत अंथरायची, तळहातानं दोनदा थापटायची, आणि कचरू त्यावर मांडी घालून बसायचा. बसला की बसला. मुंगळे चढोत, पोरं खडे मारोत, गडी जागचा हलायचा नाही. ऊन सरकत आलं की ती वांग्यांच्या वाफ्यातून उठून यायची, पटकूर ओढून सावलीत घ्यायची, पुन्हा थापटायची. तो पुन्हा बसायचा. असं दिवसातून तीनदा-चारदा. भाकरीच्या वेळी मात्र ती पटकूर उचलून झटकायची आणि खांद्यावर टाकायची. खांद्यावर गेलं म्हणजे सुटका. मग कचरू हसत उठायचा आणि एकटाच थारोळ्याकडं निघायचा. मोटेचं पाणी जिथं येऊन पडतं तो दगडी हौद म्हणजे थारोळं. तिथं गुडघे टेकून, ओणवा होऊन तो हात धुवायचा, तोंड बुडवून पाणी प्यायचा आणि मग जेवायला यायचा. नऊ वर्षांत यात खंड पडला नव्हता.

कचरू तिचा धाकटा भाऊ. त्याच्या आधीचे दोघे पाळण्यातच गेले, म्हणून आईनं याचं नाव कचरू ठेवलं, की यमाला वाटावं, हा कचरा काय न्यायचा. यमानं ऐकलं, पण अर्धंच. पोरगं जगलं, अंगानं वाढलं, बत्तिसाव्या वर्षी बैलजोडीचं जोखड एका हातानं उचलेल असं झालं. अक्कल मात्र तीन वर्षांच्या लेकराची राहिली आणि जीभ कधी वळलीच नाही. आई गेली तेव्हा सोजराबाईनं त्याला आपल्या सासरी, साखरखेर्ड्याला आणलं. तिचा नवरा महादेवराव काही बोलला नाही. नवऱ्यानं न बोलणं ही किती मोठी गोष्ट असते, हे ज्या बाईनं माहेरचं माणूस सासरी सांभाळलंय तिलाच कळेल.

पहिली तीन वर्षं तिनं त्याला दोरीनं बांधलं होतं. मळ्यात विहीर, आणि कचरूला पाण्याचं वेड. दोनदा तो काठावरून खाली वाकलेला तिनं पाहिला. मग डावा पाय बोरीला बांधायची. दोरी घोट्यात रुतली, जखम चिघळली, आणि त्या जखमेवर हळद दाबताना एके दिवशी तिला हे पटकुराचं सुचलं. दोरी तिनं त्याच दिवशी चुलीत घातली. घोट्यावरचा वळ काही गेला नाही.

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती त्या साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी, सोजराबाईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन, आणि नंतर दोन महिने खाटेवरून उठायचं नाही. महादेवराव म्हणाला, "मी तुले पाहीन का त्याले पाहीन? तूच सांग."  मग शाळेतल्या मास्तरनी चिखलीजवळच्या, अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेची माहिती काढून दिली. दोन महिन्यांपुरतं ठेवून घेतील म्हणाले.

संस्था चिखलीच्या अलीकडं मैलभर, मेहकर रस्त्याला, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होती. बावीस माणसं तिथं राहायला, आणि गावातली आठ-दहा पोरं दिवसभर येऊन संध्याकाळी घरी जाणारी. चालवणारे भगवंतराव गुरुजी. हायस्कुलातून निवृत्त झालेले, धोतराची निरी कधी मोडू न देणारे आणि खरोखर चांगले. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणूस असता तर सोजराबाई सावध राहिली असती. चांगल्या माणसापुढं आपण आपलं सगळं झाकून ठेवतो.

गुरुजींनी छापील कागद पुढं ओढला. फिट येते का? नाही. चावतो का? कोणी ओढलं तर. अंथरूण ओलं करतो का? थंडीत, कधीमधी. एकेक उत्तर ते वळणदार अक्षरात लिहीत होते. मग त्यांचं लक्ष कचरूच्या पायाकडं गेलं आणि टाक थांबला.

"हे काय आहे?"

"दोरी होती, गुरुजी. पहिले. आता नाही."

"माणसाला दोरी? ढोर आहे का तो?"

सोजराबाई पदराचं टोक मुरगाळत राहिली.

"आमच्याकडं कुणाला बांधत नाहीत," गुरुजी म्हणाले. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा पडला. "दोरी नाही, खूण नाही, धाक नाही. माणसानं आपल्या मनानं उठावं, आपल्या मनानं बसावं. बांधायची सवय लागलेले दोघे आले होते, मी परत पाठवले. यालाही काही तसं असेल तर आत्ताच सांगा."

तिच्या काखेत पिशवी होती आणि पिशवीत पटकूर. सांगायचं ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण परत पाठवले म्हणजे काय, हे तिला पक्कं कळत होतं. परत म्हणजे मळ्यातली विहीर, आपण खाटेवर, आणि महादेवराव दोन्हीकडं धावणारा. ती म्हणाली, "तसं काही नाही जी."

काही खोटं असं असतं की बोलणाऱ्याला वाटतं, आपण दार लावून घेतलं, आता धोका बाहेर राहिला.

तेवढ्यात मागच्या अंगाला इंजिन सुरू झालं. कचरूनं मान वर केली. संस्थेची नवी विहीर खणून होत आली होती, पाणी नुकतंच लागलं होतं, आणि मजूर इंजिनानं ते उपसत होते. पाणी धबाधबा चरात पडत होतं. कचरूच्या तोंडावर हसू पसरलं. त्यानं सोजराबाईचा हात धरला आणि सरळ तिकडं ओढत नेलं. तिनं पाहिलं ते एवढंच, की मातीचे ढीग आहेत, मधे काळं तोंड आहे आणि काठाला वीतभरही कठडा नाही.

"गुरुजी, हे असं उघडं?"

"पुढच्या आठवड्यात कठडा बांधतोय. तोवर मजूर असतातच तिथं. आणि आमचं लक्ष असतं, बाई." मग त्यांनी शेवटचा नियम सांगितला. पोचवायला आलेल्यानं रडारड करायची नाही, निरोप घ्यायचा नाही. गुपचूप निघायचं आणि महिनाभर तोंड दाखवायचं नाही. "पहिल्या दिवशी सगळेच हटून बसतात. आम्ही ओढाताण करत नाही. भूक लागली की आपोआप आत येतात. माघारी फिरणारे नातेवाईक आले की मात्र सगळं बिघडतं. तसं झालं तर मी माणूस परत देतो."

सोजराबाईनं कचरूला फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली आणलं. दाट, गार सावली होती. त्याचे डोळे अजून पाण्याच्या आवाजाकडं लागलेले. तिनं आजूबाजूला पाहिलं. गुरुजी आत गेले होते. तिनं पिशवीतून पटकूर काढलं, झाडाखाली अंथरलं, तळहातानं दोनदा थापटलं.

कचरू बसला. इंजिन वाजत होतं, पाणी पडत होतं, पण तो बसला. आता हा विहिरीकडं जात नाही, तिनं मनाशी म्हटलं. त्याच्या केसांतून हात फिरवावासा वाटला, पण नियम आठवला. ती मागच्या मागं सरकत फाटकातून बाहेर पडली. साडेदहाची एस.टी. धूळ उडवत आलीच होती.

गाडीत तिला डाव्या खिडकीची जागा मिळाली. पोटात कळ होती, पण डोक्यावरून ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. तिनं डोळे मिटले. तास-दीड तास गाडी खड्ड्याखड्ड्यांतून चालली. मग गाडीनं एक वळण घेतलं आणि मघापासून पलीकडच्या बाकावर असलेलं ऊन तिच्या मांडीवर आलं. लुगडं तापलं. ती जरा आत सरकली. थोड्या वेळानं ऊनही आत सरकलं. ती आणखी सरकली, आणि शेजारची बाई म्हणाली, "आता कुठं सरकतं माय? ऊन का एका जागी राह्यते?"

सोजराबाई सरकायची थांबली.

सकाळची सावली. कडुनिंबाची सकाळची सावली. तिथं आता ऊन असेल. आणि वैशाखातलं ऊन. मळ्यात ती दिवसातून चारदा उठून यायची, पटकूर ओढायची. तिथं कोण ओढणार? तो बसून राहील. डोकं तापून, तोंडाला कोरड पडून, भोवळ येऊन पडेस्तोवर बसून राहील, कारण सोजरानं थापटलंय.

लव्हाळ्याच्या फाट्यावर ती उतरली. कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमाले साखरखेर्ड्याले जाचं ना? इथं काऊन उतरून राह्यल्या?"  समोर चिखलीकडं जाणारी गाडी उभी होती. तिचा कंडक्टर पानवाल्याकडून चुना मागत होता. दहा पावलं टाकली असती तर ती गाडीत असती.

ती दहा पावलं तिनं टाकली नाहीत. आणि याबद्दल तिला दोष देणाऱ्यानं आधी स्वतःला तिच्या जागी उभं करून पाहावं. तिला गुरुजींचा आवाज ऐकू येत होता. मी माणूस परत देतो. आज परत गेलं तर आज संध्याकाळी कचरू आपल्याबरोबर याच फाट्यावर उभा असेल. परवा ऑपरेशन. आणि तिथं काय माणसं नाहीत? बावीस जणांना सांभाळतात, एकाला सावलीत नेता येणार नाही? कुणीतरी हाताला धरील, आत नेईल. इतका का तो दगड आहे?

गाडी हलली आणि निघून गेली. धूळ खाली बसली.

तेव्हा तिला आठवलं की खुद्द महादेवरावानं, बारा वर्षं एका घरात राहून, एकदा वळवाच्या गारांत कचरूला उठवायचा प्रयत्न केला होता. दंडाला चावा घेतला होता त्यानं. गारा झेलत बसून राहिला होता, सोजरा धावत येईपर्यंत. सख्ख्या घरच्या माणसासाठी जो उठला नाही, तो परक्यासाठी कसा उठेल? चहाच्या टपरीवाल्याला तिनं विचारलं, "दादा, चिखलीची गाडी आता कवा?"

"आता दीडशिवाय नाही, माय. बसा सावलीत."

ती सावलीत बसली नाही. फाट्यावर उभी राहून रस्त्याकडं पाहत राहिली. एक बैलगाडी गेली, उलट दिशेनं. एक जीप गेली, थांबली नाही. डांबर तापून मऊ झालं होतं. सूर्य डोक्यावर होता आणि तिला तो कडुनिंब स्वच्छ दिसत होता. बुंध्याला चिकटलेली एवढीशी सावली, आणि तिच्या बाहेर हिरवं पटकूर. कांद्याची पोती भरलेला ट्रक शेवटी थांबला तेव्हा एक वाजून गेला होता. ड्रायव्हरनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता तिला वर घेतलं.

सारा रस्ता ती एकच गोष्ट घोकत होती. जाऊन गुरुजींच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगायचं. पटकूर, थापटणं, सरकवणं, सगळं. ठेवून घेतलं तर त्यांचे उपकार, नाही घेतलं तर घेऊन जायचं. ऑपरेशन राहू द्यावं. गाठ काय, आज आहे तशी उद्याही राहील.

ती उतरली तेव्हा रस्ता ओस होता. चिखलीचा बाजार होता त्या दिवशी. फाटक नुसतं लोटलेलं होतं. कडुनिंबाची सावली पार पलीकडं गेली होती, आणि अलीकडं, जिथं तिनं पटकूर अंथरलं होतं, तिथं पांढरंफटक ऊन पडलं होतं. पटकूर नव्हतं. कचरूही नव्हता.

नेलं. कुणीतरी आत नेलं. तिच्या घशातून हुंदका आणि हसू बरोबरच आलं.

ओसरीवर पन्नाशीची एक बाई सुपात गहू निवडत बसली होती. ती अंबूबाई, तिथली सांभाळणारी. सोजराबाईला पाहून ती उठली आणि हातानंच थांबा-थांबा म्हणाली.

"अवं माय, तुम्ही आल्या? गुरुजीनं पाह्यलं तं रागावतीन. ते जेवून जरा पडले हायेत. काही काळजी करू नका, तुमचा भाऊ झ्याक हाये."

"आत हाये ना?"

"हाये ना. अवं, पण लई आडमुठा गडी! बारा वाजले, एक वाजला, तरी उन्हातच. तोंड लालबुंद झालतं. दोघायनं हाताले धरलं तं चावाले धावला. गुरुजी म्हणे, राहू द्या, भूक लागली का येईन. आता त्यायचा नियम. पण मले काही पाहवलं नाही. मी पाणी नेलं, तं पेला धरला नाही त्यानं. मंग मीच म्हटलं, हे बुडाखालचं पटकूरच काढून घ्यावं, तापल्या भुईवर किती बसते ते पाहू." अंबूबाईचा चेहरा खुलला होता. दिवसभरात तिनं केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट होती, आणि ती सांगायला आता कुणीतरी मिळालं होतं. "कोपरा धरून ओढलं मातर, अन् बाप्पा, कसा शहाण्यासारखा उठला! धूळ लागली होती म्हणून म्या झटकलं अन् टाकलं खांद्यावर. तं माह्याकडं पाहून हासला. अस्सा हासला! म्हटलं, कोण म्हणते याले समजत नाही?"

हिरवं पटकूर अंबूबाईच्या डाव्या खांद्यावर होतं.

"मंग?" सोजराबाईनं विचारलं. 

"मंग का, मी म्हटलं जेवाले चाल, तं आपल्या मनानं मागं गेला. हात धुवाले. तिकडं न्हाणी हाये ना. कोणी सांगतलं नाही, दाखवलं नाही."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच की. हे एवढं एक सूप निवडून झालं."

सोजराबाईनं कान दिला. सकाळी ती इथून निघाली तेव्हा जे ऐकू येत होतं ते आता ऐकू येत नव्हतं. इंजिन बंद होतं. मजूर बाजाराला गेले होते. न्हाणीच्या बाजूनं पाण्याचा काही आवाज नव्हता, बादलीचा नव्हता, माणसाचा नव्हता.

ती धावली. पोटातली गाठ, ऑपरेशन, सगळं विसरून मातीच्या ढिगांवरून ती धावली.

विहिरीतलं पाणी उपसा थांबल्यावर चढून आलं होतं, दीड पुरुष तरी असेल. गढूळ आणि अगदी स्थिर. काठावर, जिथं माती ओली होती, तिथं दोन गुडघ्यांचे खोल ठसे होते. त्यांच्या पुढं दोन तळव्यांचे. आणि त्यांच्या पुढं माती नव्हती, नुकतीच ढासळल्यासारखी ताजी कड होती.

माणसं जमायला, गळ आणायला, बाजारातून दोन पोहणारे बोलवायला वेळ लागला. गुरुजी धोतर सावरत आले आणि काठापासून लांबच उभे राहिले. अंबूबाई कपाळ बडवून घेत होती. "म्या का केलं, माय? म्या तं सावलीत नेत होती वं." तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. सोजराबाईनं तिच्या खांद्यावरून पटकूर काढून घेतलं आणि काठाजवळ अंथरलं. तळहातानं दोनदा थापटलं. मग बाजूला बसून राहिली.

"बाई, ऊन आहे, आत चला," गुरुजी म्हणाले. ती हलली नाही.

चारच्या सुमाराला त्याला वर काढलं. चौघांना तो उचलवत नव्हता. कुठं ठेवायचा म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, तेव्हा तिनं पटकूर दाखवलं. त्यांनी त्याला त्यावर ठेवलं. त्याच्या हाताला माती नव्हती. हात स्वच्छ धुतलेले होते.

 गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, "असं कसं झालं? त्याला उठवलं तरी कुणी?"

सोजराबाईनं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"त्याले उठवाची एक रीत होती, गुरुजी," ती म्हणाली. "तुमाले सांगाची राहून गेली."

मग तिनं कचरूच्या डोक्यावर ऊन होतं ते पाहिलं, उठली, आणि पटकुराचा कोपरा धरून त्याला सावलीत ओढू लागली.